बेळगावात बसून क्रिप्टो फाउंडरना पॉडकास्टवर कसं पोचवायचं

टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका खोलीतून मी क्रिप्टो कंपन्यांच्या फाउंडरना पॉडकास्टवर पाहुणे म्हणून नेण्याचं काम करते. फाउंडर बंगळूर, दुबई, बर्लिन असे कुठेही असतात, होस्ट, म्हणजे मुलाखत घेणारे, बहुतेक अमेरिकेत किंवा युरोपात. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलंमुली मला विचारतात, हे काम जमेल का, इंग्रजी किती लागतं, त्यासाठी बंगळूरला जाऊन राहावं लागतं का. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

बंगळूरला राहावं लागत नाही. तिथे परिषद असली की राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येतं, तेवढं पुरतं. इंग्रजी साधं आणि बिनचूक असलं की झालं. ऐकण्याची चिकाटी मात्र भरपूर हवी, कारण या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ कानाला हेडफोन लावून जातो.

पाहुण्याला बोलवायचं कसं हे मी आपल्याच भागात शिकले. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. अशाच एका संमेलनात वक्त्यांना पत्रं लिहायचं काम माझ्याकडे असायचं. कोल्हापूरच्या वक्त्याला नुसतं ‘आपण यावे ही विनंती’ असं लिहिलं तर उत्तर येत नसे. ‘समोर बहुतेक शेतकरी आणि मास्तर मंडळी असतील, तुमच्या लेखातल्या ऊसदराच्या मुद्द्यावर त्यांना तुमच्याकडून ऐकायचंय’ असं लिहिलं की माणूस एसटीने यायलाही तयार व्हायचा. पॉडकास्टच्या होस्टलाही नेमकं हेच कळायला हवं असतं: माझ्या श्रोत्यांना या माणसाकडून काय मिळेल? फाउंडरने किती कोटींचा निधी उभा केला, हा प्रश्न त्याच्यासाठी फार नंतरचा असतो.

आधी फाउंडरला तपासा

काम घेण्याआधी कंपनीचं उत्पादन स्वतः उघडून बघा. नेटवर्क खरोखर चालू आहे की अजून टेस्टनेटवर, म्हणजे चाचणीच्या नेटवर्कवरच आहे? गिटहबवर कोडमध्ये शेवटचा बदल केव्हा झाला? कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामचा, पत्ता इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या साइटवर टाकल्यावर खरे व्यवहार दिसतात का? प्रकल्पांत जमा पैशाचे आकडे देणाऱ्या डेफिलामा या साइटवर किती रक्कम जमा दिसते, आणि फाउंडर सांगतो त्या आकड्याशी ती जुळते का? कोडचं ऑडिट झालंय म्हणाले तर अहवाल मागून घ्या आणि वाचा. कोड समजला नाही तरी त्रुटींचा तक्ता कोणालाही वाचता येतो. ‘गंभीर’ म्हणून नोंदलेली त्रुटी दुरुस्त झाली की नुसती ‘मान्य’ करून सोडून दिली, ते तिथे लिहिलेलं असतं. भारतीय ग्राहकांना सेवा देणारं एक्स्चेंज असेल तर फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आहे का ते विचारा. मार्च २०२३ पासून असे व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली येतात.

त्यानंतर समोरासमोर विचारायचे प्रश्न. एकूण टोकनपैकी (टोकन म्हणजे कंपनीने काढलेलं क्रिप्टो नाणं) तुमचा आणि गुंतवणूकदारांचा वाटा किती? तो विकायला केव्हा मोकळा होतो? मल्टिसिगच्या, म्हणजे अनेकांच्या मंजुरीशिवाय न उघडणाऱ्या तिजोरीच्या, चाव्या किती, आणि त्यातल्या किती एकाच खोलीतल्या माणसांकडे आहेत? हे प्रश्न मी गोड बोलून पण सगळेच्या सगळे विचारते. उत्तर टाळलं तर काम घेत नाही, मग पैसे कितीही देवोत.

याबाबतीत मी कडक आहे, कारण ऐकणाऱ्याचा पैसा पुढे जातो. एफटीएक्स ही क्रिप्टो खरेदी-विक्रीची एक्स्चेंज कंपनी ११ नोव्हेंबर २०२२ ला दिवाळखोरीत गेली, पण त्याआधी तिचा फाउंडर सॅम बँकमन-फ्रीड पॉडकास्टमागून पॉडकास्ट करत होता. लोकांना तो आवाज ओळखीचा झाला, आणि ओळखीच्या आवाजावर विश्वास बसतोच. आपल्या निपाणी-संकेश्वर पट्ट्यात ‘पैसे दुप्पट’वाल्या योजनांनी किती घरांची ठेव गेली ते सगळ्यांनी पाहिलंय. आता त्याच तोंडांत कॉइनचं नाव आलंय. अशा माणसाला माइकपर्यंत पोचवणारे आपण असता कामा नये. शिवाय व्यवहाराची गोष्टही आहे. बेळगावातल्या अनोळखी बाईचं पत्र होस्ट दुसऱ्यांदा उघडतो, कारण पहिल्यांदा तिने पाठवलेला माणूस खरा निघाला. ती पत एकदा गेली की परत येत नाही.

विषय शोधणं

माणूस बरा निघाला की त्याचा विषय शोधायचा. ‘आमची कंपनी’ हा विषय नव्हे. विषय म्हणजे असा प्रश्न, जो श्रोत्यांच्या मनात आधीच आहे आणि ज्यावर हा माणूस इतरांपेक्षा जास्त जवळून बोलू शकतो.

एक उदाहरण देते. खानापूर तालुक्यातला एक मुलगा बंगळूरला राहून क्रॉस-चेन ब्रिज बांधतोय, म्हणजे एका ब्लॉकचेनवरची मालमत्ता दुसरीवर वापरता यावी अशी सोय. पहिल्या फोनवर तो नुसते आकडे सांगत होता. (टीव्हीएल म्हणजे ब्रिजवर जमा असलेली एकूण रक्कम.)

“ताई, टीव्हीएल आधी सांगू की पार्टनरशिप?”

“ते राहू दे की. तुझी आई या कामाबद्दल तुला काय विचारती?”

“आई? ती म्हणती, लोकांच्या त्या पैशाला राखण कोण करतंय?”

“मग तिथनंच सुरू कर.”

खरोखरच ब्रिजच्या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजवरून साठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम चोरीला गेली. व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊ व्हॅलिडेटरपैकी पाच जणांच्या चाव्या चोरांच्या हाती लागल्या होत्या. चोरी २३ तारखेची, ती ध्यानात आली २९ ला. त्याआधी फेब्रुवारीत वर्महोल, नंतर ऑगस्टमध्ये नोमॅड, या ब्रिजवरही चोऱ्या झाल्या. हे सगळं त्या मुलाला पाठ होतं, पण ते आपल्या मुलाखतीचा गाभा होऊ शकतं असं त्याला वाटलं नव्हतं. आम्ही विषय असा मांडला: ‘ब्रिजची राखण कोण करतं, आणि आम्ही मोठे व्यवहार मुद्दाम सावकाश का होऊ देतो’. स्वतःच्या उत्पादनाचा तोटा वाटावा अशी गोष्ट उघड मांडणारा पाहुणा होस्टना फार क्वचित मिळतो.

यादी करताना कान उघडे ठेवा

प्रत्येक क्रिप्टो पॉडकास्टचा स्वभाव वेगळा. अनचेन्डच्या लॉरा शिन मूळच्या पत्रकार, त्या तारखा आणि कागद घेऊन बसतात. बँकलेसचा ओढा इथेरियमच्या जगाकडे. अ‍ॅना रोझ यांच्या झिरो नॉलेजवर क्रिप्टोग्राफीचं गणित खोलात जातं, तिथे बाजारभावाच्या गप्पा चालत नाहीत. एपिसेंटर तर २०१३-१४ पासूनचं, बांधणाऱ्यांशी शांतपणे लांब बोलणारं. ही मोठी नावं झाली. नव्या फाउंडरला पहिल्याच फटक्यात तिथे पाठवायचा हट्ट धरू नका. एकाच विषयाला वाहिलेले छोटे पॉडकास्ट असतात, कोणी फक्त स्टेबलकॉइनवर (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या नाण्यांवर) बोलतं, कोणी फक्त सोलाना या ब्लॉकचेनवर, कोणी डेव्हलपरांसाठी. तिथले श्रोते थोडे, पण नेमके असतात. शिवाय मोठा होस्ट पाहुण्याचा एखादा जुना एपिसोड ऐकून बघतो, तो असावा लागतो.

शोधायला लिसन नोट्स आणि पॉडचेझर उपयोगी पडतात. मी आणखी एक करते: आपल्या फाउंडरच्या क्षेत्रातल्या दुसऱ्या चार माणसांची नावं टाकून ती कुठे कुठे बोलली ते बघते. त्यातून खरी यादी तयार होते. शेवटचा एपिसोड तीन महिन्यांपूर्वीचा असेल तर ते नाव खोडा.

यादीतल्या प्रत्येकाचे किमान तीन एपिसोड पूर्ण ऐका: सगळ्यात ताजा, आपल्या विषयाच्या जवळचा, आणि ज्यात होस्टचं पाहुण्याशी पटलं नाही असा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. होस्टला काय खटकतं, तो कुठे थांबवून परत विचारतो, हे तिथे कळतं. ऐकताना वहीत मिनिटासकट नोंद करा. पत्रात ती लागते.

पत्ता मिळवायचा तर वेबसाइटवरचा पाहुण्यांचा फॉर्म आधी बघा, मग प्रोड्युसरचं नाव. प्रोड्युसर असेल तर त्यालाच लिहायचं, होस्टला नव्हे. पॉडकास्टच्या आरएसएस फीडमध्ये (एपिसोड अ‍ॅपना पुरवणाऱ्या फाइलमध्ये) मालकाचा ईमेल बऱ्याचदा दिलेला असतो, तोही बघा.

पत्र

पत्र इंग्रजीत जातं, पण मी आधी मराठीत लिहून बघते. मराठीत पोकळ वाटलेलं वाक्य इंग्रजीतही पोकळच असतं. मजकूर साधारण असा:

‘नमस्कार. मागच्या महिन्यातल्या ब्रिजवरच्या एपिसोडमध्ये एकेचाळिसाव्या मिनिटाला तुम्ही विचारलंत की चाव्या मोजक्या लोकांकडे असतील तर ब्रिजला विकेंद्रित का म्हणायचं. पाहुण्याचं उत्तर अर्धं राहिलं. मी ज्यांच्यासाठी काम करते ते फाउंडर याच प्रश्नावर काम करतात. त्यांच्या ब्रिजवर मोठी रक्कम लगेच सुटत नाही, मध्ये थांबते, आणि त्यामुळे त्यांनी काही मोठे ग्राहक गमावले. तो निर्णय का घेतला, रोनिनच्या चोरीतून काय घेतलं, आणि त्यांच्या पद्धतीत अजून कुठे धोका आहे, यावर ते मोकळेपणाने बोलतील. टोकन अजून नाही. ऑडिट अहवाल आणि त्यांच्या एका भाषणाची लिंक खाली आहे. मी त्यांची पगारी प्रतिनिधी आहे.’

एवढंच. विषयाच्या ओळीत तो प्रश्न, फाउंडरचं नाव नको. फाइल जोडू नका, लिंक द्या. शेवटचं वाक्य कधीही गाळू नका, आपण पैसे घेऊन लिहितोय हे होस्टला पहिल्याच पत्रात कळलं पाहिजे. टोकन असेल किंवा येणार असेल तर तेही इथेच सांगायचं. टोकन लाँचच्या आठवड्यात मी पत्रंच पाठवत नाही. त्या दिवसांत फाउंडरचं प्रत्येक वाक्य भावाकडे ओढलं जातं, आणि चांगल्या होस्टना ते लगेच जाणवतं.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा लिहा, पण काहीतरी नवं घेऊन: नवा ऑडिट, त्या विषयावरची ताजी घटना. त्यानंतर गप्प बसा. तीच माणसं सहा महिन्यांनी दुसऱ्या पाहुण्यासाठी लागणार आहेत.

खोट्या आमंत्रणांपासून फाउंडरला वाचवा

हा भाग दोनदा वाचा. क्रिप्टो फाउंडरकडे चाव्या असतात, म्हणून चोर आता पॉडकास्टचे होस्ट बनून येतात. एप्रिल २०२५ मध्ये ट्रेल ऑफ बिट्स या सुरक्षा कंपनीने अशी एक पद्धत उघड केली. त्यांच्याच सीईओला एक्सवरून (पूर्वीचं ट्विटर) ‘ब्लूमबर्ग क्रिप्टो’च्या नावाने मुलाखतीचं आमंत्रण आलं होतं. चोर झूम कॉलवर बोलावतात, स्क्रीन शेअर करायला लावतात, मग स्वतःचं नाव बदलून ‘झूम’ असं करतात आणि रिमोट कंट्रोल मागतात. समोर खिडकी उघडते, ‘झूम’ परवानगी मागतंय असं दिसतं, बोलण्याच्या भरात माणूस होय म्हणतो, आणि संगणक चोराच्या ताब्यात जातो.

म्हणून माझ्याकडे नियम आहेत आणि फाउंडर कितीही घाईत असला तरी ते मोडत नाहीत. आलेलं प्रत्येक आमंत्रण आधी माझ्याकडे यायचं. आमंत्रण एक्सवर किंवा टेलिग्रामवर आलं असेल तर त्या पॉडकास्टच्या अधिकृत वेबसाइटवरच्या ईमेलवर आपण नवीन पत्र लिहून विचारायचं, आलेल्या लिंकवर टिचकी मारून नव्हे. होस्ट ईमेलवर बोलायला तयार नसेल तर विषय संपला. रेकॉर्डिंगसाठी कोणतंही अ‍ॅप किंवा ‘अपडेट’ उतरवून घ्या म्हणाले तर नाही म्हणायचं, रिव्हरसाइडसारख्या सेवा ब्राउझरमध्ये चालतात. झूमच असेल तर रिमोट कंट्रोलची सोय सेटिंगमधून आधीच बंद करायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: ज्या लॅपटॉपवर क्रिप्टोचं वॉलेट आहे, त्यावरून मुलाखत द्यायचीच नाही. वेगळा साधा लॅपटॉप ठेवायला सांगा. फाउंडर कुरकुरतात, पण ऐकतात.

दुसरी खूण पैशाची. ‘एपिसोडसाठी इतके डॉलर’ अशी मागणी करणारे पुष्कळ आहेत. जाहिरात म्हणून पैसे देणं गुन्हा नाही, ते लपवणं वाईट. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामक एसईसीने किम कार्दशियनकडून १२.६ लाख डॉलर भरून घेतले, कारण एका टोकनच्या पोस्टसाठी अडीच लाख डॉलर मिळाल्याचं तिने सांगितलं नव्हतं. आपल्याकडेही १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या जाहिरातीत धोक्याची सूचना द्यावी लागते, तसा जाहिरात मानक परिषदेचा, म्हणजे आस्कीचा, दंडक आहे. पैसे देऊन एपिसोड करायचाच असेल तर ‘प्रायोजित’ असं होस्टने तोंडाने म्हणावं, हे लेखी घ्या. मी स्वतः असे एपिसोड घेत नाही.

तालीम

होस्टने होय म्हटलं की फाउंडरची तालीम घ्यायची. अवघड प्रश्नांची तयारी सगळे करतात, सोप्या प्रश्नांची कोणी करत नाही. एप्रिल २०२२ मध्ये ब्लूमबर्गच्या ऑड लॉट्स या पॉडकास्टवर स्तंभलेखक मॅट लेव्हिनने बँकमन-फ्रीडला एवढंच विचारलं होतं, की यील्ड फार्मिंग (क्रिप्टो गुंतवून परतावा कमावण्याची पद्धत) म्हणजे काय ते समजावून सांग. त्याने एका खोक्याचं उदाहरण दिलं, ज्यात काहीच नसतं पण लोक पैसे टाकत राहतात. ते ऐकून लेव्हिनने तिथल्या तिथे पॉन्झीचं, म्हणजे नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणाऱ्या फसवणुकीचं, नाव घेतलं. अवघड काहीही न विचारता सगळं बाहेर आलं.

म्हणून तालमीला मी क्रिप्टोतला माणूस बसवत नाही. आमच्या ओळखीचे एक काका उद्यमबागेत मशीन शॉप चालवतात, संध्याकाळी शटर ओढल्यावर त्यांना फोनवर घेते. मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस, ढोबळ बोलणं त्यांना चालत नाही. “ते समजलं, पण बिघडलं तर भरून कोण देणार?” असं ते विचारतात, आणि फाउंडर तिथे अडला तर तेवढ्या भागावर आम्ही परत बसतो. तालीम मराठीत किंवा कन्नडमध्ये झाली तरी चालते. आपल्या भाषेत नीट सांगता आलं की इंग्रजीत वाक्यं आपोआप छोटी होतात.

भावाचं भाकीत करायचं नाही, परताव्याचा शब्द द्यायचा नाही, दुसऱ्या कंपनीवर पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे फाउंडरला लिहून द्या. होस्टकडे प्रश्न आधी मागू नका, ते बरं दिसत नाही. आपण पाच-सहा मुद्दे पाठवावेत, घ्यायचे की नाही ते त्याने ठरवावं.

रेकॉर्डिंगचा दिवस

वेळ ठरवताना होस्टच्या शहराचं नाव लिहून ठरवा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सरकतं, युरोपचं शेवटच्या रविवारी, मधल्या दिवसांत हमखास घोळ होतो. फाउंडर आपल्या भागातून बोलणार असेल तर आणखी बघावं लागतं. पावसाळ्यात पत्र्याच्या छताखाली बसायचं नाही, स्लॅबची खोली शोधायची. हेस्कॉमची वीज जाणार हे धरून राउटरला यूपीएस लावायचा आणि मोबाइलचं नेट तयार ठेवायचं. माझ्या खोलीतून कोणी बोलणार असेल तर मी गाड्यांच्या वेळा बघून तास ठरवते. यूएसबीचा साधा डायनॅमिक माइक घ्या, तो खोलीतला आवाज कमी ओढतो. कपाटातल्या साड्या-चादरी मागे टांगल्या की घुमणं जातं. रिव्हरसाइडवर प्रत्येकाचा आवाज त्याच्याच संगणकावर रेकॉर्ड होऊन वर चढतो, तेव्हा अपलोड पूर्ण होईपर्यंत टॅब बंद करू नये, हे फाउंडरला निघताना परत सांगा.

एपिसोड आल्यावर फाउंडरला एखादं वाक्य काढून टाकावंसं वाटेल. माहिती चुकीची असेल किंवा कोणाच्या सुरक्षेला धोका असेल तरच मी होस्टला तसं विचारते. अवघडल्यासारखं वाटलं म्हणून नाही.

आता आपली फी. ती महिन्याची ठरवा, एपिसोडमागे नको, नाहीतर कसलाही पॉडकास्ट गळ्यात मारायचा मोह होतो. टोकनमध्ये फी घेऊ नका, कारण ज्याच्या भावात आपला स्वार्थ अडकलाय त्याची शिफारस आपण होस्टकडे करू शकत नाही. कर पण बघा: क्रिप्टोच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, वर १ टक्का टीडीएस. यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी बांधलेलं टोकन, घेऊन ओळखीपाळखीत पीटूपी (थेट माणसामाणसांत) विकणाऱ्यांची बँक खाती सायबर तक्रारीत गोठतात, मग सोडवून घ्यायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याच्या खेपा. फी डॉलरमध्ये थेट बँकेत मागवा, बँकेकडून परकीय रकमेचा दाखला घ्या, आणि पहिलं बिल पाठवण्याआधी गणपत गल्लीतल्या नाहीतर तुमच्या गावातल्या सीएकडे एकदा बसून सेवा निर्यातीचं जीएसटी आणि एलयूटीचं (कर न भरता निर्यात करण्यासाठीच्या हमीपत्राचं) काय करायचं ते विचारून घ्या.